ओलान्झपिनचा पेपर, मुरबाडहून वाचताना

पीएच.डी. प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने गेल्या महिन्यात विचारलं, "मुलाखतीत पेपर हातात देतात आणि क्रिटिकली वाचा म्हणतात. म्हणजे नेमकं करायचं काय?" मी फोनवर दिलेलं उत्तर फारच पुस्तकी होतं. सॅम्पल साइझ बघ, कंट्रोल बघ, लिमिटेशन्स बघ. फोन ठेवल्यावर माझं मलाच वाटलं, हे तर आपण जर्नल क्लबमध्ये करतो तेच झालं. लेखकांनी पेपरच्या शेवटी जी कबुली दिलेली असते तीच आपण स्लाइडवर टाकतो, वाचून दाखवतो आणि चहाला जातो.

म्हणून आज एकच पेपर घेऊन बसते. मुद्दाम चांगला पेपर निवडलाय. वाईट पेपरच्या चुका कुणीही काढेल, त्यात शिकण्यासारखं फार नसतं.

पेपर आहे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधला. डॉ. ज्योती बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'च्या फेब्रुवारी २०२४ च्या अंकात आलेला. प्रश्न एका ओळीत मावतो. कीमोनंतरची मळमळ-उलटी थांबवायला ओलान्झपिन नावाची गोळी देतात. ठरलेला डोस १० मिलिग्रॅम. त्याने उलटी थांबते, पण माणूस दिवसभर पेंगतो. मग २.५ मिलिग्रॅम दिली तर चालेल का? म्हणजे चौथाई डोस.

उत्तरही एका ओळीत मावतं. चालेल. छोट्या डोसवरच्या १३२ रुग्णांपैकी ५९ जणांना पूर्ण आराम मिळाला, मोठ्या डोसवरच्या १३५ पैकीही ५९ जणांनाच. ४५ टक्के आणि ४४ टक्के. दिवसा झोप येण्याचं प्रमाण मात्र ९० टक्क्यांवरून ६५ वर आलं. पहिल्या दिवशीची तीव्र झोप बघितली तर फरक आणखी मोठा: मोठ्या डोसवर १३५ पैकी ५४ जण, छोट्यावर १३२ पैकी फक्त ६.

इथे बहुतेक वाचक पान उलटतात. आपण थांबू.

हे १२० तास कुठे जातात?

मळमळीवरच्या ट्रायलमध्ये वेळेचे दोन तुकडे पाडायची जुनी पद्धत आहे. औषध चढवल्यापासूनचे पहिले २४ तास म्हणजे अक्यूट फेज. पुढे १२० तासांपर्यंत डिलेड फेज. दोन्ही मिळून ओव्हरऑल, म्हणजे पाच दिवस. या विभागणीला शरीरातलं कारण आहे. पहिल्या दिवसाची उलटी मुख्यतः आतड्यातल्या सेरोटोनिनमुळे, नंतरची मेंदूतल्या सबस्टन्स-पीमुळे. म्हणून औषधंही वेगवेगळी लागतात. या ट्रायलमध्ये सगळ्यांना पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथॅसोन आणि एनके-१ अडवणारं एक औषध मिळालंच होतं. ओलान्झपिन हे चौथं, पहिल्या चार दिवसांचं.

मला ही विभागणी पाठ होती. तिचा अर्थ कळला तो आत्याच्या वेळी. ती मुरबाडच्या पुढे, सरळगावच्या बाजूला राहते. दर तीन आठवड्यांनी ते लाल औषध. डॉक्सोरुबिसिन खरोखरच लाल असतं, आणि दुसऱ्या दिवशी लघवीही लालसर होते. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर घरात रडारड होते, आमच्याकडे झाली. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने किंवा वडापने कल्याण, तिथून लोकलने दादर. शहापूरचा रुग्ण असेल तर आसनगाव किंवा आटगाव स्टेशन, आणि डोळखांब-किन्हवलीकडचा असेल तर स्टेशनवर उतरल्यावर पुन्हा जीप. कसारा मार्गावरून दादरला येणं-जाणं म्हणजे अर्धा दिवस नुसता गाडीत.

आता अक्यूट फेज कुठे गेली बघा. थोडी वॉर्डातल्या खुर्चीत, थोडी दिव्यांगांच्या डब्यात, थोडी कल्याण स्टँडच्या बाकावर. आणि डिलेड फेज अख्खी घरी, जिथे डॉक्टर नाही, नर्स नाही, आणि पुष्कळदा फोनला रेंजही नाही.

त्या ५४ आणि ६ या आकड्यांकडे या बाजूने पाहिलं की ते वेगळे दिसतात. दादर भागात राहणारा माणूस पेंगला तर टॅक्सीत पेंगतो. आसनगावला उतरायचा माणूस पेंगला तर कसाऱ्याला जाऊन पोचतो. कुणी त्याच दिवशी परततं, कुणी नातेवाइकाकडे रात्र काढून सकाळी निघतं, प्रवास चुकत नाही. माझ्या मते या पेपरची खरी कमाई झोपेच्या त्या रकान्यात आहे. पण ट्रायलची सगळी रचना, सगळं गणित, दुसऱ्याच रकान्याभोवती बांधलंय. आता त्याच्याकडे वळू.

४५ टक्के म्हणजे चांगलं की वाईट?

मी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पहिल्यांदा वाचला तेव्हा "४५ विरुद्ध ४४, म्हणजे सारखंच" एवढंच डोक्यात शिरलं. उरलेले कुठे गेले हे विचारायचं राहून गेलं. १३२ मधले ७३ आणि १३५ मधले ७६, मिळून २६७ पैकी १४९ जणांना पूर्ण आराम मिळाला नव्हता. देशातल्या नावाजलेल्या कॅन्सर रुग्णालयात, चार औषधं देऊनही निम्म्याहून जास्त.

लगेच निष्कर्ष काढू नका. जपानमध्ये झालेली ५ मिलिग्रॅम ओलान्झपिनची जे-फोर्स ट्रायल २०२० साली याच नियतकालिकात आली होती, ७१० रुग्णांची. तिथे यशाचं प्रमाण होतं ७९ टक्के. मग मुंबईत औषध लागू पडत नाही का? तसं नाही. जपानी ट्रायलचा प्रायमरी एंडपॉइंट होता, डिलेड फेजमध्ये उलटी नाही आणि जादा औषध घ्यावं लागलं नाही. मुंबईच्या ट्रायलने पाचही दिवस धरले, आणि वर आणखी एक अट घातली: मळमळ नसावी किंवा अगदी किरकोळ असावी.

ही अट महत्त्वाची आहे. उलटी मोजता येते, ती दुसऱ्याला दिसते. मळमळ आतली असते. आत्या पहिल्या खेपेनंतर एकदाही ओकली नाही, पण चार दिवस तिला सुकटीचा वास सहन होईना आणि आमच्याकडे पावसाळ्यात सुकट-जवळ्याशिवाय चूल पेटत नाही. शेवटी सगळ्यांचा स्वयंपाक शेजारच्या घरी गेला. जपानी व्याख्येने ती 'कम्प्लीट रिस्पॉन्स'मध्ये बसते. मुंबईच्या व्याख्येने बसत नाही. मुंबईने व्याख्या जास्त कडक ठेवली, आणि याबद्दल या लेखकांचं मला मनापासून कौतुक वाटतं. सोपी व्याख्या निवडली असती तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट किती तरी देखणा झाला असता.

तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट: दोन पेपरमधली टक्केवारी शेजारी-शेजारी ठेवण्याआधी दोन्हींच्या मेथड्समधली एंडपॉइंटची व्याख्या शेजारी-शेजारी ठेवा. मुलाखतीत एवढं केलंत तरी समोरचे सावरून बसतील.

तिकिटाच्या मागे मावणारं गणित

ही नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल आहे. नेहमीच्या ट्रायलमध्ये नवं औषध जुन्यापेक्षा सरस आहे का हे पाहतात. इथे दावा तेवढा मोठा नसतो. छोटा डोस मोठ्यापेक्षा फार वाईट नाही, एवढंच दाखवायचं असतं. 'फार' म्हणजे किती हे आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं. त्याला मार्जिन म्हणतात. इथे मार्जिन होतं १० टक्के पॉइंट.

विद्यार्थ्यांचा नेहमीचा घोटाळा असा: "पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त आली, म्हणजे दोन्ही सारखे." नाही हो. पी व्हॅल्यू मोठी येण्याचं कारण फरक नसणं हेही असू शकतं आणि रुग्ण कमी असणं हेही. दहा-दहा माणसं घेतली तर जगातली कुठलीही दोन औषधं 'सारखी' निघतील. म्हणून नॉन-इन्फिरिऑरिटीमध्ये पीकडे बघायचं नसतं, कॉन्फिडन्स इंटरव्हलचं वरचं टोक मार्जिनच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे बघायचं.

चला, करून बघू. जुन्या डोसचं यश वजा नव्या डोसचं यश: ४३.७ वजा ४४.७, म्हणजे उणे १. दोन प्रमाणांतल्या फरकाची स्टँडर्ड एरर तुम्हाला काढता येते: प्रत्येक गटाचं पी गुणिले एक-वजा-पी, भागिले एन, दोन्हींची बेरीज, वर्गमूळ. येतं साधारण ६.१ टक्के. एकतर्फी ९५ टक्क्यांसाठी १.६४५ ने गुणा: १०. उणे १ अधिक १०, म्हणजे ९. पेपरमध्येही वरचं टोक ९.० च दिलंय. मार्जिन १०. आत आहे. ट्रायल जिंकली.

किती फरकाने जिंकली? मोठ्या डोसच्या गटात ५९ ऐवजी ६१ जणांना आराम पडला असता तर फरक अधिक अर्धा टक्का झाला असता, वरचं टोक १०.५ वर गेलं असतं, आणि निष्कर्ष उलटा लिहावा लागला असता. दोन माणसं! शिवाय इंटरव्हल एकतर्फी ९५ टक्क्यांचा आहे. अशा ट्रायलसाठी एकतर्फी ९७.५ टक्के वापरायचा रिवाज जास्त कडक आणि जास्त रूढ आहे. १.६४५ च्या जागी १.९६ घाला. वरचं टोक जातं १०.९ वर. मार्जिनच्या बाहेर.

म्हणजे पेपर खोटा का? मुळीच नाही. नियम आधी जाहीर केला होता आणि तो पाळला. पण "२.५ मिलिग्रॅम तितकंच चांगलं, सिद्ध झालं" असं कुणी व्याख्यानात म्हणालं तर तुम्हाला ठाऊक असावं की हे सिद्ध होणं काठावरचं आहे. झोपेचा फरक मात्र काठावरचा नाही. ५४ विरुद्ध ६ मध्ये दोन माणसं इकडची तिकडे केली तरी काही बिघडत नाही.

बिघडू शकतं ते दुसऱ्या वाटेने. ट्रायल ओपन-लेबल होती, म्हणजे कोण कुठल्या डोसवर आहे हे रुग्णाला आणि डॉक्टरला माहीत होतं. "तुम्हाला मोठी गोळी दिलीय, झोप येईल" असं ऐकलेला माणूस थोडा जास्त पेंगणारच. फरकातला काही भाग या माहितीमुळे आला असेल. सगळा आला असेल असं मला वाटत नाही. ओलान्झपिन झोप आणतं हे मनोरुग्णांवरच्या कितीतरी वर्षांच्या वापरातून माहीत आहे. आणखी एक: २६७ पैकी २५२ स्त्रिया होत्या, आणि २४२ जणांना स्तनाचा कॅन्सर होता. सिस्प्लॅटिन घेणाऱ्या, तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झालेल्या पुरुषाला हा निकाल लावताना हात जरा आखडता घ्यायला हवा. आमच्या तालुक्यांत असे पुरुष कमी नाहीत.

मनोरुग्णांवरून आठवलं. ट्रायलमधल्या रुग्णाला गोळी समजावून सांगणारं कुणीतरी असतं, संमतिपत्रावर सही घेताना बोलणं होतं. ट्रायलबाहेरचा रुग्ण औषधाच्या दुकानात चिठ्ठी देतो. घरातला शिकलेला भाचा मोबाइलवर गोळीचं नाव टाकतो आणि पहिल्याच ओळीत वाचतो: स्किझोफ्रेनिया. मग कुजबुज सुरू होते, की डोक्यावर परिणाम झाला म्हणून वेडाची गोळी दिली. आमच्याकडे तो भाचा म्हणजे मीच होते, भाचीच म्हणा, आणि मला निदान उत्तर माहीत होतं. तरी आत्याने दुसऱ्या खेपेला गोळी घेतली नाही, पदराच्या गाठीत बांधून ठेवली. २.५ की १० या प्रश्नाच्या आधी हा प्रश्न येतो. (कुणी हे वाचून घरच्या रुग्णाची गोळी स्वतःच्या मनाने तोडून देऊ नका. डोस बदलायचा तो डॉक्टरांना विचारूनच. गोळी का आहे हे समजून घेणं मात्र तुमचं काम.)

हंडा आणि सुटकेस

आता या एका पेपरच्या जरा बाहेर जाते, कारण मला खरं भांडायचंय ते मोजपट्टीशी.

कीमोचे दुष्परिणाम नोंदवायला जगभर अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेची एक सूची वापरतात, सीटीसीएई. पाचवी आवृत्ती २०१७ ची. प्रत्येक त्रासाला १ ते ५ ग्रेड. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, थकवा, तळव्यांची सालं निघणं, यांच्या ग्रेड ठरतात रोजच्या कामांवरून. ग्रेड २ म्हणजे घर चालवण्याच्या कामांना अडथळा. ग्रेड ३ म्हणजे स्वतःच्या अंघोळ-कपडे-जेवणालाही अडथळा. आणि घर चालवण्याची कामं म्हणून उदाहरणं कुठली? स्वयंपाक, वाणसामान किंवा कपड्यांची खरेदी, टेलिफोन वापरणं, पैशांचा हिशेब.

या यादीत आवणी नाही. चिखलात वाकून दिवसभर रोपं लावणं नाही, ओल्या बांधावरून अनवाणी चालणं नाही, पहाटे विहिरीवरून डोक्यावर हंडा आणणं नाही. पॅक्लिटॅक्सेलने तळवे बधिर झालेली बाई बांधावर पाय टाकते तेव्हा पायाखाली गवत आहे की चिखल हे तिला कळत नाही. ती घसरते. तिसऱ्यांदा घसरल्यावर शेतावर जायचं सोडते. मुंबईत ओपीडीत तिला विचारतात, स्वयंपाक करता का? करते. फोन लावता येतो? लेक लावून देते, आधीही तीच द्यायची. ग्रेड १.

ग्रेड १ म्हणजे औषध आहे तसं पुढे चालू. तो आकडा फाइलमधून टेबलमध्ये जातो, टेबलमधून पेपरमध्ये, पेपरमधून मार्गदर्शक सूचनांमध्ये. कुणी खोटं बोललेलं नाही. प्रश्नच चुकीच्या घराला विचारलाय.

दुसरी मोजपट्टी युरोपातली, ईओआरटीसीची क्यूएलक्यू-सी३०. तीस प्रश्न, रुग्णाने स्वतः उत्तरं द्यायची, म्हणून सीटीसीएईपेक्षा मला आवडते. तिचं मराठी भाषांतर आहे, टाटामधल्या अभ्यासांत ती वापरली गेलीय. पण पहिलाच प्रश्न कष्टाच्या कामांचा, आणि उदाहरण खरेदीची जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्याचं. भाषांतर करताना शब्द बदलता येतात, पण मूळ उदाहरणाच्या जागी हंडा घातला तर तो तोच प्रश्न राहतो का? ब्रुसेल्समधल्या आकड्याशी मग तुलना करता येते का? ही साधी अडचण नाही. मोजपट्टी सगळीकडे सारखी असावी ही एक गरज, आणि ती माणसाला लागू व्हावी ही दुसरी. दोन्ही एकदम भागत नाहीत. वैधता तपासणं म्हणजे नुसतं क्रॉनबाखचं अल्फा काढणं नाही, हे मला मेथडॉलॉजीच्या पेपरमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळाले तेव्हा कळलेलं नव्हतं.

या दृष्टीने दिल्लीच्या एम्समधला डी-टॉर्च हा पेपर जरूर वाचा, 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'मध्ये २०२४ ला आलेला. कॅपेसिटाबिन ही घरी घ्यायची कीमोची गोळी. तिने तळहात लाल होतात, भेगा पडतात, दुखतात. या लोकांनी गुडघेदुखीला लावतात ते डायक्लोफेनॅकचं जेल हातांना दिवसातून दोनदा लावलं. दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं जेल, आणि इथे कुणाला कुठलं ते माहीत नव्हतं. ग्रेड २-३ चा त्रास १५ टक्क्यांवरून ३.८ वर आला. स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं औषध. रचना मला टाटाच्या पेपरपेक्षा घट्ट वाटते. पण ग्रेड २ ची व्याख्या इथेही तीच आहे, रोजच्या कामांना अडथळा. कापणीचा विळा दिवसभर मुठीत धरणाऱ्या हाताला हे जेल किती पुरेल, हे त्या ३.८ वरून कळत नाही. शहापुरात कुणी हा अभ्यास केला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावा, भात कापताना.

पाणी भरपूर प्या

डिस्चार्जच्या वेळी मिळणाऱ्या पत्रकांवर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा. सल्ले बहुतेक बरोबर असतात. थोडं-थोडं खा, तिखट टाळा, मिठा-सोड्याच्या पाण्याने चूळ भरा, हात धुवा, पाणी भरपूर प्या. आमच्याकडची तांदळाची पेज या पत्रकात कुठेच नसते, आणि तोंड आल्यावर पोटात राहणारी ती एकच गोष्ट असते.

पाण्यापाशी मी अडखळते. तानसा आणि भातसा, मुंबईला पाणी देणारी ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. ज्या रुग्णालयात आत्यासारख्यांना "दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्या" सांगतात, त्याच्या नळाला येणारं पाणी याच बाजूचं. आणि एप्रिल-मेमध्ये शहापुरातल्या कितीतरी गाव-पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. उन्हाळ्यात जुलाब लागलेल्या रुग्णाच्या अंघोळीचं, कपड्यांचं, चुळांचं पाणी धरून हिशेब करा. ते पाणी घरात कुणीतरी डोक्यावरून आणणार, आणि पुष्कळ घरांत ती बाई रुग्ण स्वतःच असते.

पत्रकातली एक ओळ मात्र मी लाल पेनाने अधोरेखित करून देते: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर ताबडतोब डॉक्टर. कीमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि तेव्हाचा साधा दिसणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. पावसाळ्यात या भागात तापाला पहिला अंदाज मलेरिया, डेंग्यू नाहीतर लेप्टोचा असतो आणि तो चुकीचा नाही. म्हणून शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय असो की मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, दारात पोचल्यावर पहिलं वाक्य "कीमो चालू आहे, अमुक तारखेला दिली" हे हवं, आणि हातात फाइल हवी. घरात थर्मामीटर हवा. "अंग गरम लागतंय" यावर कुणी रात्री दहाला जीप काढत नाही. १०१ आकडा दाखवला तर काढतात.

विचारणारं कुणीतरी

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये इथन बाश यांनी ७६६ रुग्णांवर एक साधी गोष्ट करून पाहिली. एका गटाला त्रास होत असेल तर तो कॉम्प्युटरवर स्वतः नोंदवायला सांगितला, तीव्र झाला की नर्सला सूचना जायची. दुसऱ्या गटाची नेहमीची काळजी. २०१७ साली 'जामा'त निकाल आला: मीडियन आयुष्य ३१.२ महिने विरुद्ध २६. कुठलंही नवं औषध नाही, वेळेवर विचारणं एवढंच. मात्र हे सगळं एकाच मोठ्या केंद्रातलं होतं, आणि सूचना आल्यावर काहीतरी करणारी नर्स पलीकडे हजर होती. ती नसेल तर नोंद नुसती साचत राहते.

मी प्रस्ताव लिहिणार असते तर तिथून सुरू केला असता. आपल्याकडे अ‍ॅप नको, आशाताई आहे. चौथ्या दिवशी तिने घरी जाऊन विचारायचं: काय खाल्लं, झोपून किती वेळ, पाणी कुणी आणलं, ताप. अडचणी लगेच दिसतात. आशाताईवर आधीच कामांचा ढीग आहे, आणि कॅन्सर झाल्याचं पाड्यात कळू नये म्हणून घरं धडपडतात. तिने नोंदवलेलं मुंबईत कोण वाचणार हे ठरल्याशिवाय पहिला रुग्ण घेऊच नये. एथिक्स कमिटी हेच विचारेल, आणि बरोबर विचारेल.

आत्याच्या मुलीने, ती तेव्हा नववीत होती, शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर नोंदी ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या खेपेचा चौथा दिवस तिने असा लिहिलाय: "सकाळी पेज, राहिली. दुपारी भात नको. उलटी नाय. दिवसभर जागी. संध्याकाळी हंडा उचलाया गेली, अर्ध्यात ठेवला, मी आणला." मी हे सीटीसीएईत बसवायचा दोनदा प्रयत्न केलाय. एकदा थकवा ग्रेड १ आला, एकदा २.